साल सरलं त्या दिवशी

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण झाला, दुसरा दिवस उजाडला, की मला ते प्रकरण आठवतं. निवृत्त झाल्यावर बाकीचं बरंच डोक्यातून गेलं. हे गेलं नाही.

आधी एक सांगते. मी फौजदार नव्हते. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे, त्या गावाची मी पोलीस पाटील. आधी माझे मालक पोलीस पाटील होते, ते गेल्यावर प्रांतसाहेबांनी ती जागा मला दिली. माझं शिक्षण सातवी. तेव्हा तेवढं चालायचं. पोलीस पाटलाला वर्दी नसते. गावात काही घडलं तर ठाण्याला कळवायचं, पंचनाम्याला उभं राहायचं, साहेब आले तर खाट टाकायची, आणि दोन्हीकडची बोलणी खायची. हे काम मी बरीच वर्षं केलं. या प्रकरणात कोणाचंही नाव लिहीत नाही. माणसं अजून गावात आहेत.

गावाच्या उत्तरेला बरड आहे. केळी सोडा, तिथे धड कुसळही उगवत नाही. ती जागा एका खासगी कंपनीनं घेतली. रॉकेट बनवणारी कंपनी. रॉकेट आमच्याकडून उडणार नव्हतं. त्याचं इंजिन जमिनीला घट्ट बांधायचं आणि पेटवून बघायचं, एवढंच तिथलं काम. पेटवायच्या आदल्या दिवशी मी दवंडी द्यायची, की गुरं बरडावर सोडू नका. पहिल्यांदा पेटलं तेव्हा म्हशींनी दावी तोडली. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "अक्का, हाई वर कव्हय जाई?"

मी म्हटलं, "जाणार नाही. बांधलेलं आहे."

"मंग इतलं वरडस कसाले?"

कंपनीचा प्रमुख तिशीतला होता, पुण्याहून ये-जा करायचा. त्याला सगळे मोठे साहेब म्हणायचे. त्याच्या हाताखाली धुळ्याचा एक इंजिनिअर मुलगा होता, ते छोटे साहेब. आणि फाटकावर रखवालीला आमच्या गावचे आबा.

आबा मूळचे शिरपूरकडचे, बायकोच्या गावी येऊन राहिलेले. जन्मभर सालदारी केलेला माणूस. बाहेरच्या वाचकाला सालदारी सांगावी लागेल. आमच्या खानदेशात शेतावरचा गडी आखाजी ते आखाजी असा वर्षाचा ठरतो. आखाजीच्या सकाळी त्याचं साल सरतं. बैलांना शेवटचं वैरणपाणी करायचं, मालकाचं सामान जागच्या जागी लावायचं, आपलं अंथरूण उचलायचं आणि घरी यायचं. त्या दिवसापासून तो कोणाचा नोकर नाही. मग मालकानं त्याच्या ओट्यावर यायचं आणि विचारायचं, राहतो का? गडी स्वतः विचारायला जात नाही. गेला तर त्याची किंमत जाते. चांगल्या गड्याच्या ओट्यावर दोन-दोन मालक येतात आणि चहावर चहा होतो. पण हे सगळं त्या चार-पाच दिवसांतच. तेवढ्यात सगळ्या गावाची सालं ठरून जातात. त्यात जो राहिला तो वर्षभर रोजंदारीवर. मिळेल त्या दिवशी काम, नाही त्या दिवशी घरी.

आदल्या वर्षी मोठे साहेब रखवालदार शोधत गावात आले, तो नेमका आखाजीचा दिवस होता. आबा धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसले होते. साहेबांनी सहज विचारलं, "काका, आमच्याकडे राहाल का वर्षभर?" त्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. पण दिवस बरोबर, जागा बरोबर, शब्दही बरोबर. आबा हो म्हणाले. साहेबांना वाटलं, नोकर ठेवला. आबांना वाटलं, साल धरलं. दोघंही खोटं बोलत नव्हते.

वर्षभर आबांनी जीव लावून काम केलं. सालदार मालकाच्या बैलांना आपले बैल म्हणतो, तसं आबा आपलं इंजिन म्हणायचे. चैत्रातला धुळीचा वारा सुटला तर शेडच्या फटींना पोती लावायचे. पारावर कोणी चेष्टा केली, "काय आबा, तुनी गाय कितला लिटर दूध देस?" तर म्हणायचे, "दूध नही देत. पन लाथ मारी तं तुना वाडा जाई."

मग पुढची आखाजी आली.

कंपनीची बहुतेक माणसं सुट्टीला गेलेली होती. आबांनी सकाळी अंगण झाडलं, पाण्याची टाकी भरली, शेडला कुलूप घातलं, चावी ऑफिसच्या ओट्यावर ठेवली आणि अंथरुणाचं गाठोडं डोक्यावर घेऊन घरी आले. आंघोळ केली, पितरांची घागर पुजली, आणि टोपी घालून ओट्यावर बसले. त्यांच्या मनात काय होतं ते मला नंतर त्यांनीच सांगितलं. जुने मालक, एक केळीवाले भाऊ, त्यांना परत न्यायला टपलेले होते. पण आबांना कंपनीत राहायचं होतं. मोठे साहेब येतील, विचारतील, मग भाऊंना नाही सांगू, असा त्यांचा हिशोब.

साहेब दुसऱ्या दिवशी आले, पण बरडावर आले. फाटकावर कोणी नाही. चावी ओट्यावर उघडी पडलेली. शेडला कुलूप, आणि आत इंजिनाच्या मागचा घंटेच्या आकाराचा भाग जागेवर नाही. त्याला नोझल म्हणतात. एका माणसाला कसाबसा उचलेल एवढा धातूचा तुकडा, पण तो घडवायला त्यांना कित्येक महिने लागले होते, आणि चाचणी बघायला थोड्याच दिवसांत बाहेरची माणसं येणार होती. साहेब थेट ठाण्यात गेले. फिर्याद झाली. चोरीचा गुन्हा दाखल झाला, आणि संशयित कोण, या रकान्यात आबांचं नाव पडलं.

गावात जीप आली तेव्हा खबर द्यायला माणूस तयारच होता. दूध घालणारा म्हणाला, "साहेब, आबा काल सकाळी बरडाकडून येत होते. डोक्यावर मोठं गाठोडं होतं." तो खोटं बोलला नाही. पण गाठोड्यात काय असतं हे त्यालाही माहीत होतं, गावातल्या पोरासोरालाही माहीत होतं. तेवढं मात्र तो बोलला नाही.

मी जीपसोबतच गेले. आबा ओट्यावर बसलेले. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी टोपी सारखी केली. त्यांना वाटलं, साहेब आले.

फौजदार तरुण होते, कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आबांना ना शिवी दिली, ना हात लावला. घराची झडती घेतली, गाठोडं सोडून बघितलं, त्यात गोधडी, लोटा आणि एक जुना स्वेटर निघाला. मग आबांना चौकशीला ठाण्यात बोलावलं. अटक नाही. रोज सकाळी हजर व्हायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. कायद्यानं सगळं बरोबर होतं. मी रोज त्यांच्याबरोबर एसटीनं जायचे.

ठाण्यात काय असतं ते सांगते. एक बाकडं असतं. त्यावर माणूस बसतो. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद करतो, कोणाची मोटारसायकल गेलेली असते, कोणाचा बांध कोरलेला असतो, कोणाची बायको माहेरी गेलेली असते. त्या सगळ्यांचं झालं की बाकड्यावरच्याची पाळी. आबांची पाळी दुपारनंतर यायची.

"ड्युटी सोडून का गेलात?" फौजदारांनी विचारलं.

"साल सरनं, साहेब."

"कसलं साल? कंपनीत साल नसतं. नोकरी असते."

"आखाजी व्हती ना."

"म्हणजे सणाची सुट्टी घेतली? कोणाला विचारून?"

"सुट्टी नही, साहेब. साल सरनं."

फौजदारांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सालदारी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाटीलबाई, हे कायद्यात कुठे बसतं?"

"कायद्यात नाही बसत. आखाजीत बसतं."

"मग मी डायरीत काय लिहू?"

त्यांनी पुढे चावीचं विचारलं. आबा म्हणाले, "वट्टावर ठेई दिधी. आवाज दिधा, साहेब, चाबी ठेवी शे. मधमाईन छोटा साहेब बोलना, हां, ठेवा."

म्हणजे आतून आवाज आला होता. फौजदारांनी छोट्या साहेबांना बोलावलं. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. ते म्हणाले, मी दिवस उगवायच्या आत धुळ्याला निघालो, घरी आखाजी होती. आबा एवढंच म्हणाले, "तुम्हीच बोलनात ना, साहेब." छोट्या साहेबांनी फोनमध्ये डोकं घातलं.

शिकलेल्या माणसाचा शब्द आणि सालदाराचा शब्द समोरासमोर आले तर ठाण्यात वजन कुठे जातं ते सांगायला नको. जळगावहून कुत्रं आणलं. ते शेडपासून निघालं आणि फाटकाजवळच्या झाडाखाली जाऊन बसलं. वर्षभर आबा तिथेच बसायचे. कुत्र्याचं काही चुकलं नाही. पण गावात बोभाटा झाला, की कुत्र्यानं आबाची जागा दाखवली.

इकडे एकेकाचं साल ठरत होतं. संध्याकाळी एसटीतून उतरलं की ओट्याओट्यावर चहाच्या कपबश्या दिसायच्या, मालक बसलेले दिसायचे. आबा मान खाली घालून घरी जायचे. दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी मी भाऊंना गाठलं.

"भाऊ, आबांना विचारायचं होतं ना तुम्हाला?"

"विचारायचंच होतं, अक्का. पण दिवसभर माणूस ठाण्यात. विचारू कोणाला? दाराला?"

"संध्याकाळी असतात की."

"ठाण्यातून आलेल्या माणसाच्या ओट्यावर गेलो तर लोक काय म्हणतील? निकाल लागू द्या. मी दोन दिवस थांबतो."

दोन दिवस म्हणजे माझ्या हातात दोन दिवस. त्या दिवसापासून मी दुसरं काही बघितलं नाही.

पंचनाम्याला मी शेडमध्ये गेले होते, तेव्हा एक गोष्ट मला खटकली होती. आमच्या भागात चोर म्हणजे तांब्याचा चोर. विहिरीवरची मोटार सोडून केबल कापून नेतात. त्या शेडमध्ये कोपऱ्यात तांब्याच्या तारेची अख्खी वेटोळी पडलेली होती आणि त्यांना कोणी हातही लावला नव्हता. शेजारी वर्षभर बसलेल्या माणसाला चोरी करायची असती तर त्यानं तांबं नेलं असतं. जो भाग भंगारवालाही ओळखणार नाही, तो न्यायचा कशाला? तो ज्याला कळतो त्यानंच नेला. आणि तो डोक्यावर नाही गेला, गाडीत गेला.

बरडावरून गाडीला एकच वाट आहे. नाला ओलांडायचा आणि फाट्यावरच्या कडुलिंबाखालून डांबरीला लागायचं. आणि आखाजीच्या दिवशी त्या लिंबाखाली कोण असतं, हे मला माहीत होतं. खानदेशात आखाजीला पत्ते खेळतात. बाकी वर्षभर न शिवणारा माणूसही त्या दिवशी डाव मांडतो. त्या दिवशी पोलीस पाटलानं लिंबाकडे बघायचं नाही, हे माझ्या मालकांच्या वेळेपासून चालत आलेलं. पण त्या वर्षी नव्या फौजदारांनी सणाआधी बैठक घेऊन बजावलं होतं, पत्ते दिसले तर गुन्हा दाखल करीन, कोणाचीही गय करणार नाही.

मी खेळणाऱ्यांपैकी एकाच्या घरी गेले. तो केळीच्या घडांना पिशव्या बांधायला निघाला होता.

"आखाजीला लिंबाखाली होतास ना?"

"नाही, अक्का."

"तुझी चप्पल तिथे राहिली. मी आणून देऊ?"

त्यानं पायाकडे बघितलं. चप्पल पायातच होती. मग हसला. "आम्ही खेळत नव्हतो. बसलो होतो."

"कशासाठी?"

"सावलीसाठी."

"बरं. सावलीत बसून काय दिसलं?"

तो पिशव्यांच्या गठ्ठ्याची दोरी आवळायला लागला. बायको आतून म्हणाली, "सांगी टाका ना. त्या म्हातारानं काय घोडं मारं?" मग तो बोलला. डोक्यावर ऊन आलं होतं तेव्हा छोट्या साहेबांची गाडी नाल्याच्या वाळूत रुतली. यांनी डाव सोडून धक्का मारला. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली एक वस्तू होती, आणि तिला लहान मुलासारखा पट्टा बांधलेला. यातलाच एकजण म्हणाला, "साहेब, बाळ कोणाचं?" छोटे साहेब हसले नाहीत. उलट म्हणाले, मागून जोरात ढकलू नका.

"आणि हे तू आज सांगतोस?"

"आम्हाला वाटलं, कंपनीची वस्तू, कंपनीचा माणूस, नेत असेल. चोरीचं नंतर कळलं. तोवर..." तो थांबला. "अक्का, आमच्यात एक सरकारी नोकरीवाला होता. पत्त्यांचा गुन्हा लागला तर त्याची नोकरी जाईल. आम्ही शपथ घेतली."

"आणि आबांचं काय जाईल?"

त्यानं पिशव्यांचा गठ्ठा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

मी तशीच एसटी पकडून ठाण्यात गेले. फौजदारांना म्हटलं, "साहेब, साक्षीदार आहेत. पण ते तिथे कशासाठी बसले होते, हे विचारायचं नाही."

फौजदारांना कळलं. "मग जबाबात काय लिहू?"

"सावलीसाठी बसले होते, लिहा."

"सगळेच?"

"ऊन फार होतं साहेब."

ते हसले, आणि तसंच लिहिलं. त्या माणसाचं एवढं मात्र मी आयुष्यभर मानते. पण जबाब घ्यायला माणसं गोळा करणं, वरच्या साहेबांना कळवणं, यात तोही दिवस गेला आणि दुसराही गेला.

तिसऱ्या दिवशी छोट्या साहेबांना पुन्हा बोलावलं. फौजदारांनी काही आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, "सीटचा पट्टा चादरीवरून बांधला होता की खालून?" तो मुलगा रडायलाच लागला. त्याच्याच हातून नोझलला तडा गेला होता. कोणाला कळायच्या आत जळगावला ओळखीच्या कारखान्यात नेऊन बघावं, जमलं तर दुरुस्त करून परत ठेवावं, म्हणून त्यानं ओट्यावरची चावी उचलली, वस्तू नेली आणि चावी होती तिथेच ठेवली. दुसऱ्या दिवशी परत आला तर फिर्याद झालेली होती. मग एक खोटं लपवायला दुसरं. आबांचा आवाज त्यानं ऐकला होता. हां, ठेवा, असं तोच बोलला होता.

वस्तू जळगावला मिळाली. पंचनामा झाला. कागदोपत्री चोरी झालीच नव्हती, असं ठरलं. फौजदारांनी आबांना खुर्चीवर बसवून चहा दिला आणि म्हणाले, "तुम्ही मोकळे आहात."

आबा म्हणाले, "मी तं आखाजीपासूनच मोकळा शे, साहेब."

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही परतलो. फाट्यावर उतरलो तर समोरून भाऊंची बैलगाडी आली. गाडीवर नवा गडी होता, चोपड्याकडचा. भाऊ मागे बसले होते. त्यांनी मला बघितलं, आबांना बघितलं, आणि म्हणाले, "दोन दिवस थांबलो होतो, अक्का." ते खरंच थांबले होते. आज सकाळी त्यांनी साल ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आबांच्या घरी आले. पेढ्यांचा डबा आणला होता. माफी मागितली, मनापासून मागितली. मग म्हणाले, "काका, उद्यापासून कामावर या."

आबा पेढ्यांच्या डब्याकडे बघत राहिले. मला राहवलं नाही. मी साहेबांना म्हटलं, "या असं म्हणू नका. राहाल का, असं विचारा. गेल्या वर्षी विचारलं होतं तसं."

साहेबांना काय समजलं कोणास ठाऊक. पण त्यांनी चपला काढल्या, ओट्यावर बसले आणि विचारलं, "राहाल का, काका?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आखाजी व्हई गई, साहेब."

मी नंतर त्यांना रागावले. म्हटलं, पोटाला काय खाणार? ते म्हणाले, "अक्का, ज्या मालकनी माले चोर म्हनं, त्याना बैल मी कसा जुपू?" हे बोलताना ते एकदाही आपलं इंजिन म्हणाले नाहीत.

ते वर्ष आबांनी केळीच्या घडांची वाहतूक केली. रोजंदारीवर, त्या वयात, घड खांद्यावर घेऊन. चाचणी झाली त्या दिवशी मी दवंडी दिली होती. इंजिन पेटलं, जमीन हादरली, बागेतली सगळी माणसं बरडाकडे बघायला धावली. आबांनी खांद्यावरचा घड ट्रॅक्टरवर ठेवला आणि दुसरा आणायला वळले. छोट्या साहेबांना कंपनीनं ठेवूनच घेतलं होतं. हुशार मुलगा आहे, म्हणे. असेलही.

लोक मला विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात? मी एवढंच सांगते, की निर्दोष माणसाला सोडवायला कागद पुरतो, पण त्याचे गेलेले दिवस कागदावर परत येत नाहीत. आणि हे दिवस कोणते, ते त्या माणसाच्या गावाला विचारल्याशिवाय कळत नाही. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत आखाजीच्या आठवड्यात आमच्या गावच्या कोणत्याही गड्याला ठाण्यात बसवायचं असेल तर मी आधी फौजदारांसमोर जाऊन उभी राहायचे. काही फौजदार ऐकायचे, काही नाही.

पुढच्या आखाजीला मी मुद्दाम आबांच्या घरावरून गेले. ओटा शेणानं सारवलेला होता. आबा धुतलेली टोपी घालून बसले होते. गावात सगळ्यांना माहीत होतं की त्यांनी चोरी केली नव्हती. तरी ठाण्यात बसलेला माणूस, एवढं उरतंच. त्यांनी मला चहा विचारला. मला गडी ठेवण्याइतकी शेती नाही, हे त्यांना माहीत होतं. मी बसले. रस्त्यावर कोणाची पावलं वाजली की आबा टोपी सारखी करायचे. पावलं पुढे निघून जायची. मी उठले तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं, आणि त्यांचा हात अजून टोपीवर होता.